वधुपिता रुसतो तेव्हा

मराठी लग्नात रुसायचा हक्क कोणाला, हे फार पूर्वीच ठरून गेलेलं आहे. नवरदेव रुसू शकतो. विहीणबाई तर रुसतातच. त्या रुसल्या नाहीत तर मुलीकडच्यांना चुकल्याचुकल्यासारखं होतं. नवऱ्या मुलाची आत्या, त्याचे मुंबईचे काका, आणि वऱ्हाडाच्या बसमधून उतरलेली पण नेमकं नातं कोणालाच सांगता न येणारी ती एक बाई, या सगळ्यांची रुसायची सोय आहे. एकट्या वधुपित्याची नाही. त्याने हात जोडून दाराशी उभं राहायचं आणि काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला म्हणायचं.

जॉर्ज आर. आर. मार्टिन या अमेरिकन लेखकाने २००० साली आलेल्या 'अ स्टॉर्म ऑफ स्वॉर्ड्स' या आपल्या कादंबरीमालेतल्या खंडात वधुपित्याला रुसायची मुभा दिली. त्या रुसव्यात एक राजा, त्याची आई, त्याचा पाळलेला लांडगा आणि जवळजवळ सगळं वऱ्हाड कापलं गेलं. वाचणारं जग या प्रकरणाला 'रेड वेडिंग' म्हणतं. पुस्तकांच्या दुकानात काळ्या मुखपृष्ठांच्या फळीवर 'डार्क फँटसी' म्हणून जे काही ठेवलेलं असतं, त्यातलं हे सगळ्यात नावाजलेलं कांड.

माझ्याकडे हे पुस्तक आलं भाच्याकडून. कागदी बांधणीत त्याचे दोन भाग करून विकतात, त्याने आधी पहिला भाग दिला आणि दुसरा देताना, पेढे देतानासुद्धा कधी दिसत नाही इतका आनंद चेहऱ्यावर आणून म्हणाला, "मामा, लग्नाला पोचलात की मला फोन करा." मला वाटलं, पोरगा हळवा झालाय. पुढे कळलं की ही एक जमातच आहे. या कादंबऱ्यांवरच्या टीव्ही मालिकेत जून २०१३ मध्ये ते लग्न दाखवलं, तेव्हा पुस्तक आधीच वाचून बसलेल्या मंडळींनी घरच्यांना टीव्हीसमोर बसवलं आणि त्यांचे चेहरे मोबाइलवर गुपचूप टिपून जगाला दाखवले. भाचा त्या पंथाचा.

आता लग्नाची हकिकत. मुळात भांडण टोलचं. वॉल्डर फ्रे नावाचा नव्वदी ओलांडलेला सरदार एका नदीवरच्या पुलाचा मालक. दोन तीरांवर दोन किल्ले, मध्ये पूल, आणि जो पार होईल त्याच्याकडून वसुली, हा धंदा घराण्यात सहाशे वर्षांचा. उत्तरेचा तरुण रॉब स्टार्क फौज घेऊन येतो, त्याला घाईने पलीकडे जायचंय. म्हातारा पूल उघडेना. शेवटी रॉबची आई कॅटलिन आत जाऊन बोलणी करते आणि बाहेर येते ती पोराचं लग्न ठरवूनच. पूल मिळाला, बदल्यात फ्रे घराण्यातली एक मुलगी करायची. महाराष्ट्रात टोलवरून आंदोलनं झाली, नाके फुटले, काही बंदही झाले. पण टोलच्या बदल्यात सोयरीक ही कल्पना आपल्या कंत्राटदारांना अजून सुचलेली नाही, हे त्यांचे आपल्यावर उपकारच.

पुढे रॉब युद्धात जखमी होतो, जिच्या घरी त्याची शुश्रूषा होते त्या मुलीत गुंततो आणि तिचं नाव खराब होऊ नये म्हणून तिच्याशी लग्न करून मोकळा होतो. पोरगा सरळ आहे. या कादंबऱ्यांत सरळ माणूस दिसला की वाचकाने त्याच्या नावापुढे पेन्सिलीने बारीक फुली मारून ठेवावी. पहिल्याच खंडात नेड स्टार्क, म्हणजे रॉबचा बाप, भर चौकात, मुली तिथेच असताना मारला जातो. तोवर दोन-तृतीयांशाहून जास्त पुस्तक आपण त्याला नायक समजून वाचलेलं असतं. प्रत्येक खंडाच्या उपोद्घातात ज्याच्या नजरेतून गोष्ट दिसते तो गडी तर हमखास जातो. नारायण धारपांच्या पुस्तकांवर पोसलेल्या माझ्यासारख्या वाचकाला हे जड जातं. धारपांचा अंधार कितीही दाट होऊ दे, कुठल्या तरी पानावर समर्थ येणार ही खात्री असायची, आणि त्या खात्रीवर रात्री दिवा मालवता यायचा. मार्टिन यांच्या सात राज्यांत समर्थांना कोणी आमंत्रणच धाडलेलं नाही.

तर वचन मोडलं. फ्रे दुखावला. मग तोडगा निघाला: भाच्याने मोडलेली सोयरीक मामाने निस्तरायची. कॅटलिनचा भाऊ एडम्युअर याने फ्रेची मुलगी रोझलिन हिच्याशी लग्न लावायचं आणि रॉबने लवाजम्यासह येऊन सगळ्या फ्रे पोरींची जाहीर माफी मागायची. मामा या प्राण्याकडे जगात सगळीकडे याच दृष्टीने पाहतात, हे वाचून मला परकं असं काही वाटलंच नाही.

आणि इथूनच माझी खरी तक्रार सुरू होते. या प्रकरणावर इंग्रजीत लिहिणाऱ्यांचं म्हणणं असं, की लेखकाने धोक्याच्या खुणा आधीपासून पेरून ठेवल्या आहेत आणि जाणत्या वाचकाला त्या दिसतात. मी त्या सगळ्या वाचल्या. एकीनेही मला संशय आला नाही, आणि येण्याचं कारणही नव्हतं. काय होत्या या खुणा? एक तर जेवण बेचव. लीकच्या कांद्याचं पाणचट सार, बदामाच्या दुधात शिजवलेला नदीतला मासा, पंगतीत येईतो गार झालेला सलगमाचा लगदा, वासराच्या मेंदूची जेली आणि चिवट मांस. मंगल कार्यालयात ज्याने आयुष्य काढलंय, त्याला गार सलगमात कट दिसेल का? त्याला केटरर दिसतो. दुसरी खूण, वाजंत्री भयानक वाजवत होते. सूर नाही, ताल नाही, नुसता गोंगाट. वाजंत्र्यांच्या जागी धनुर्धारी आणून बसवले होते, हे नंतर उघड होतं. मी आजवर गेलेल्या निम्म्या वरातींत वाजवणाऱ्यांचा मूळ पेशा दुसराच काहीतरी असावा असं मला वाटलेलं आहे, पण त्यांच्या झग्याखाली कोणी आडवं धनुष्य शोधत नाही.

तिसरी खूण, नवरी रडत होती. खुशाल सांगतात! नवरी रडली नसती तर मला संशय आला असता. चौथी, म्हातारा सासरा पाहुण्यांना टोचून बोलत होता. पाचवी, अतिशय पाऊस आणि सगळ्यांना सामावेल एवढा हॉल नसल्यामुळे बाकीच्या लोकांची व्यवस्था मांडवात. (ते मांडव पुढे त्यांच्यावर पाडण्यात आले, आपल्याकडे ते आपोआप पडतात.) सहावी, वरपक्षातला एक महाकाय सरदार सारखा ढोसत होता आणि त्याला पाजणारी माणसं कमी पडत नव्हती. सातवी, मुलीकडच्या लोकांच्या सणासुदीच्या कपड्यांखाली आणखी काहीतरी होतं. आत चिलखतं होती म्हणे. आमच्याकडे डिसेंबरातल्या मुहूर्ताला शेरवानीच्या आत थर्मल घालणारे मेहुणे आहेत, त्यांच्याकडे काय म्हणून बघायचं?

सात खुणा मोजून झाल्यावरही माझ्यासमोर जे उभं राहिलं ते नेहमीचं, जरा खालच्या दर्जाचं, पण ओळखीचं लग्न. म्हणून तर जेव्हा बाण सुटला तेव्हा मी पुस्तक मिटून गप्प बसलो. बायको आतून म्हणाली, "अहो, काय झालं? कोण गेलं?"

"रॉब. आणि त्याची आई."

"आपल्यातले का?"

यावर लगेच नाही म्हणवेना. मग तिनेच चहा टाकला. मार्टिन यांनी सांगितलंय की हे प्रकरण त्यांना इतकं जड गेलं, की बाकीचं सगळं पुस्तक आधी लिहून काढलं आणि हे शेवटी. लेखकाला बरं, त्याला मागचंपुढचं करता येतं. वाचकाला ओळीने जावं लागतं. भाच्याला फोन केला नाही. त्याचाच आला, "मामा, आवाज का बसलाय?"

त्या दिवसांत गुहागरकडची माझी आत्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे राहिली होती. वय ऐंशीच्या पुढे, बुद्धी तरतरीत, डोळ्यांना हिरवी पट्टी, वाचायला बंदी आणि टीव्हीलाही. दिवसातून अनेकदा थेंब घालायचे आणि घातल्यावर पडून राहायचं, तेवढ्या वेळात तिला काहीतरी सांगायला लागे. पोथी वाचू का म्हटलं, तर म्हणाली, "पोथी मला पाठ आहे. तू ते जाडं वाचतोयस त्यातलं सांग." मी सांगायला लागलो. ड्रॅगन तिने एका वाक्यात निकालात काढले: "असतील." बर्फातून उठून चालणारी प्रेतं ऐकून तिला हसू आलं. प्रेत उठतं म्हणजे नुसतं उठतं? त्यात मुंजा कोणता, खवीस कोणता, गिऱ्हा कुठला, पाण्यातला की वडावरचा, काही प्रतवारी नाही? कोकणात वेताळाच्या हाताखाली केवढा कारभार चालतो हे जिने लहानपणापासून ऐकलंय, तिला ती एकसाची थंडगार प्रेतं बाळबोध वाटली. पण सोयरिकीचा विषय निघाला तशी ती उशीवर उठून बसली.

"कबूल केलेली पोर सोडून दुसरीशी लग्न लावलंन?"

"हो."

"आणि आता तिच्याच घरी जेवायला निघालाय?"

"मामाचं लग्न आहे गं."

"मामाचं असो नाहीतर देवाचं असो. बायकोला नेतोय का बरोबर?"

"नाही. म्हाताऱ्यासमोर तिला न्यायला नको म्हणून मागे ठेवलीय."

"म्हणजे त्यालाही कळत होतं," असं म्हणून तिने पुन्हा डोकं टेकलं.

लांडगा फ्रे लोकांवर गुरगुरला आणि त्याला बाहेर बांधून घातलं, हे सांगितल्यावर तर ती खवळलीच. "मुक्या जनावराला जे कळतं ते या राजाला नाही? मागे फिर म्हणावं, अजून वेळ आहे." मी तिला समजावलं की पुस्तक छापून झालंय. फ्रेच्या एका लठ्ठ नातीचं लग्न बोल्टन नावाच्या सरदाराशी झालेलं असतं. म्हाताऱ्याने मुलीच्या वजनाइतकी चांदी हुंडा म्हणून देऊ केली, तेव्हा या गृहस्थाने आहेत त्यातली सगळ्यात वजनदार मुलगी निवडली. हा बोल्टनच पुढे रॉबच्या छातीत तलवार खुपसतो. आत्याने ती तलवार फारशी मनावर घेतली नाही. "चांदीचा भाव काय तिकडे?" तिने विचारलं, आणि मग बराच वेळ गप्प राहून, "मुलीच्या आईने वजनाच्या दिवशी तिला पाणी पाजलं असेल हो भरपूर."

त्याआधी एकाच ठिकाणी ती गाफील राहिली होती. त्या मुलखात रीत अशी, की यजमानाच्या घरची भाकर आणि मीठ पाहुण्याने खाल्लं, की त्या छपराखाली दोघांनीही एकमेकांना धक्का लावायचा नाही. कॅटलिन धूर्त, ती पोराला आत शिरल्या शिरल्या ते मागून घ्यायला लावते. हे ऐकून आत्याचा जीव भांड्यात पडला. "खाल्लंन ना मीठ? मग झालं तर. आता नुसते टोमणे मारील म्हातारा." दुसऱ्या दिवशी दुपारच्या थेंबांना मी कत्तल सांगितली. पट्टीखालून पाणी आलं. ते औषधाचं की कसलं, मी विचारलं नाही. बऱ्याच वेळाने म्हणाली, "मीठ अळणी असेल मेल्याचं."

खरं तर मार्टिन यांनी यातलं फारसं डोक्यातून काढलेलं नाही, आणि तसं ते कबूल करतात. स्कॉटलंडच्या इतिहासात दोन जेवणं आहेत. १४४० साली एडिंबराच्या किल्ल्यात सोळा वर्षांच्या डग्लसला आणि त्याच्या धाकट्या भावाला दहा वर्षांच्या राजाबरोबर जेवायला बोलावलं. जेवताना पानासमोर काळ्या बैलाचं मुंडकं आणून ठेवलं, अशी दंतकथा आहे, आणि मग दोघांना बाहेर काढून मारलं. दुसरं ग्लेन्कोचं. १६९२ च्या फेब्रुवारीत सरकारी शिपाई मॅकडोनाल्ड लोकांच्या घरी जवळजवळ दोन आठवडे पाहुणे म्हणून राहिले, त्यांच्या चुलीवरचं जेवले, त्यांच्याशी पत्ते खेळले आणि एका पहाटे उठून त्यांनाच कापत सुटले. तुकडीचा प्रमुख कॅम्पबेल घराण्यातला होता. त्या दरीतल्या एका जुन्या खाणावळीत आजही पाटी आहे, की फेरीवाले आणि कॅम्पबेल यांना प्रवेश नाही. तीन शतकं ओलांडून टिकलेला राग, तोही फेरीवाल्यांच्या पंक्तीला बसवून! सदाशिव पेठेने उठून अभिवादन करावं अशी पाटी आहे.

आपल्याकडेही उणीव नाही. लाक्षागृह म्हणजे पाहुणचारच होता. १७७३ साली ऐन गणपतीत शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांना मारलं ते घरच्याच भाऊबंदकीतून. लग्नाच्या वरातीत मिसळून लाल महालाकडे गेलेले मावळे आपल्या बाजूचे, म्हणून ती गोष्ट आपण टाळ्या वाजवत ऐकतो. शाइस्तेखानाच्या नातवंडांनी ती कशी ऐकली असेल कोण जाणे. आणि रात्री झोपलेल्या छावणीत अश्वत्थामा शिरतो, धृष्टद्युम्नाला मारतो, द्रौपदीच्या पाचही मुलांना मारतो, हे सौप्तिकपर्व ज्या समाजाच्या आजीने निजताना सांगितलंय, त्या समाजाने खरं तर मार्टिनला बघून जांभई द्यायला हवी.

पण जांभई येत नाही. कारण महाभारतात कोण मरणार हे आपल्याला जन्मतः ठाऊक असतं. कीर्तनाला बसलेला माणूस 'शेवट सांगू नका हं बुवा' म्हणून कानांवर हात ठेवत नाही. अभिमन्यू आत जाणार आणि बाहेर येणार नाही हे माहीत असूनच तो डोळे पुसायची तयारी ठेवून येतो. मार्टिन यांचा वाचक बिचारा तयारीनिशी येत नाही. तो लग्नाला येतो. कोणाच्या बाजूने बसायचं एवढाच प्रश्न त्याच्यापुढे असतो.

या कादंबऱ्या वाचताना त्रास द्यायला माणसांचे मृत्यू पुरेसे नसतात, म्हणून की काय, त्यात नावंही भरपूर आहेत. शेवटी घराण्यांच्या याद्या दिलेल्या असतात, त्यात फ्रे मंडळींची यादी सगळ्यांत त्रासदायक. आठव्या बायकोपर्यंत पोचलेल्या म्हाताऱ्याचे शंभरावर वंशज, आणि आजोबांची मर्जी राखायला जो तो मुलाचं नाव वॉल्डर आणि मुलीचं वॉल्डा ठेवतो. एक थोरला वॉल्डर धाकट्या वॉल्डरपेक्षा अंगाने लहान आहे. मी हा वंशवृक्ष जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंवर काढत गेलो. अठरा पत्रिका लागल्या. पुढे आमच्याकडे आलेल्या एका पाहुण्यांनी त्यातली आपल्या मुलीची पत्रिका ओळखली आणि मागे 'हा लुळा', 'हा वेडसर', 'याला फासावर देणार' असे शेरे वाचून ते चहा न घेता निघून गेले.

फासावर जाण्याचं खरं आहे. कत्तलीनंतर कॅटलिनचं प्रेत नदीत फेकून देतात. तिच्या माहेरी मृताला होडीत ठेवून, बाण मारून होडी पेटवायची रीत; फ्रे लोक त्या रीतीची टिंगल म्हणून तिला तशीच, कपडेसुद्धा काढून, पाण्यात टाकतात. आणि पुस्तकाच्या शेवटच्या पानांत ती परत येते. गळा कापलेला, बोलता येत नाही, केस पांढरे, आणि सापडेल त्या फ्रेला झाडाला टांगण्यापलीकडे दुसरं काम नाही. मालिकेने हा भाग सरळ वगळला. मला स्वतःला तो वाचताना वाटलं, की लेखकाने पाळलेली शिस्त इथे ढिली सोडली. मेलेलं माणूस परत आणायचं तर इतका वेळ आमचा छळ कशाला?

आत्याला मात्र इतक्या दिवसांत पहिल्यांदा लेखकाबद्दल आदर वाटला.

"येणारच होती ती. दिवस नाहीत, पाणी नाही, पोराला डोळ्यांदेखत मारलेलं. कोण थांबेल? हडळ झाली बघ. फार चांगलं केलंन." आणि मग एकदम जवळ सरकून, "टांगलंन का त्या म्हाताऱ्याला?"

"अजून नाही."

"मग वाच पुढे."

पुढे वाचून दाखवण्यासारखं जे होतं ते मी सांगून टाकलं. २००५ चा खंड झाला, २०११ चा झाला. त्यापुढचा खंड हे लिहीत असेपर्यंत आलेला नाही. आत्याची पट्टी निघाली, नवा चष्मा आला, ती गुहागरला परतही गेली. निघताना बॅग भरत होती तेव्हा तिने अचानक विचारलं, "ती रडणारी नवरी? तिचं काय झालं? सगळे बाकीच्यांचं सांगता."

रोझलिनला दिवस गेले आहेत, हे मला आठवलं. नवरा बंदिवासात, ती बापाच्या घरी.

"कधी कळलं?"

"२००५ साली."

"आणि अजून सुटली नाही?"

"लेखकाने लिहिलं नाही गं पुढे."

आत्याने बॅगेची चेन ओढली, पदर खोचला आणि बराच विचार करून म्हणाली, "म्हणजे डोहाळजेवण माहेरीच करणार तिचं. कोणी जाऊ नका म्हणावं."